धाकटीचं माप

७ जानेवारी

धाकटीचं लग्न ठरलं. मुलगा लोकांचे डोळे तपासून चष्मे देतो आणि स्वतःचा चष्मा दर दोन वाक्यांनी बोटानं वर ढकलतो. ह्यांनी पहिल्याच भेटीत त्याला ‘चष्मेवाले’ अशी हाक मारली. तो हसला, म्हणजे स्वभावानं बरा असावा. लग्न एप्रिलच्या सुरुवातीला. मग दोघं त्याच्या नव्या दुकानाच्या गावी राहायला जाणार. ते इतकं लांब आहे की माहेरी यायचं तर आधी रजेचा अर्ज करावा लागेल.

जेवताना मी विचारलं, तुला काय करायचं ते सांग. दागिने नको म्हणाली, भांडी नको, फर्निचर तर नकोच नको. मग ताटाकडे बघत म्हणाली, “ड्रेस तू शिवून दे. बाकी तुझ्याकडून मला काही नको.”

मी म्हटलं, मी नाही तर कोण शिवणार? आयुष्यभर लोकांच्या मुली नटवल्या, आता घरची काय दुकानातून नटवून आणू?

“तसं नाही गं. माझ्यासाठी शिवून दे.”

तेच तर मी म्हणत होते. हिचं बोलणं लहानपणापासून असंच. सरळ वाक्यालाही आतून एक चुणी घातलेली.

९ जानेवारी

माप घेतलं. टेप जवळ नेली की ही श्वास ओढून उभी राहते, जसं काही मी इंजेक्शन देणार आहे. स्वतः जनावरांची डॉक्टर असून. मी बजावलं, आत्ताच श्वास सोड, नाहीतर लग्नात सोडशील आणि शिवण जाईल.

शरीर सांगायचं तर उंची बेताची. खांदे उतरते. दंड भरलेले, ते घोड्यांना आणि वासरांना दाबून धरून झालेत. कंबर उंचावर आणि चांगली बारीक, तिच्याखाली मात्र भरपूर. हल्लीच्या मासिकांत अशा बाईला पेर म्हणतात. आधी बाईला फळाचं नाव द्यायचं आणि मग तिनं काय घालू नये ते सांगायचं, हा प्रकार मला कधी पटला नाही. शिवणकलेच्या वर्गात मी मुलींना एवढंच शिकवायची की खांदा, कंबर आणि नितंब यांच्या रुंदीचं आपसातलं नातं बघा. अरुंद असेल तिथे रुंदीचा भास द्या, रुंद असेल तिथून कापडाला निवांत खाली जाऊ द्या. शरीराशी भांडू नका.

त्या हिशेबानं धाकटीला खांद्यापासून खांद्यापर्यंत पसरलेला गळा. कोपरापर्यंत बाही. कंबर जिथे आहे तिथेच. खाली मोकळा घेर. यात चर्चेला जागा नाही.

तिला खिसे हवेत. लग्नाच्या ड्रेसला खिसे. मी विचारलं, त्यात थर्मामीटर ठेवणार का? म्हणाली, हात ठेवीन, नाहीतर हातांचं काय करायचं ते मला कळत नाही. एक खिसा मंजूर केला.

१२ जानेवारी

पुतळा बाहेर काढला.

मी अंगावर शिवत नाही, पुतळ्यावर शिवते. बाई हलते, बोलते, पोट आत घेते, आरशात बघून मत बदलते. पुतळा यातलं काही करत नाही. तो सडपातळ बांध्याचा आहे. जी मुलगी येईल तिच्या मापाप्रमाणे त्याच्यावर कापसाच्या पट्ट्या बांधायच्या, वरून ताणाचं कापड चढवायचं, की तीच मुलगी आपल्यापुढे उभी राहते.

पाच वर्षांनी काढला. थोरली गेल्यापासून नवरीचं काम घेतलं नव्हतं. तिला ताप आला आणि आठवड्यात ती गेली. त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

पूर्वी एखादी नवरी ट्रायलला आली नाही की मी थोरलीला उभी करत असे. पुतळा घेतला तेव्हा ती शाळेत होती. वाढून ती बरोबर त्याच्याच मापाची झाली. लांब पाठ, सरळ खांदे, खाली जेमतेम. तिच्यासाठी कापसाची एक पट्टीसुद्धा लागायची नाही. कुठलाही कट तिच्यावर बसायचा. धाकटी तेव्हा स्टुलावर बसून पाय हलवत आमच्याकडे बघत राहायची.

आज धाकटीचं माप बांधलं. पट्ट्या पुष्कळ गेल्या.

२१ जानेवारी

मोतिया रंगाचं जड सॅटिन आणलं. त्याला लगेच कात्री लावायची नाही. आधी साध्या मांजरपाटाचा नमुना शिवायचा, तो बसला की मगच खरं कापड.

मांजरपाट टाचताना नितंबांवरचा कापूस बेढब वाटला. दोन पट्ट्या काढल्या. कापूस नंतर दबतोच, तेव्हा आधीच काढलेला बरा. खांद्यांवर एक घातली.

बाहीचा विचार बदलला. खांद्यांची रेघ इतकी सरळ आहे, ती झाकायची कशाला?

३० जानेवारी

वन्सं आल्या होत्या, म्हणजे ह्यांची धाकटी बहीण. कुणी बोलावलं नव्हतं. त्यामुळे पहिली ट्रायल त्यांच्यासमोर झाली.

नमुना धाकटीच्या नितंबांवर अडकला. ना वर, ना खाली. खांद्यापाशी मात्र एवढा ढिला की वन्संनी त्यात आपला अख्खा हात घालून दाखवला आणि विचारलं, वहिनी, इथे कुणी पाहुणी राहायला येणार आहे का? धाकटी हसली. मला हसू आलं नाही. लग्न ठरलं की मुलींची भूक वाढते, असं मी बोलून टाकलं.

धाकटीनं नमुना डोक्यावरून काढला, केस सारखे केले आणि शांतपणे सांगितलं की तिचं वजन कॉलेजपासून तेवढंच आहे. दवाखान्यात वासरं मोजायचा काटा आहे, त्यावर ती रोज उभी राहते. वन्संनी विचारलं, वासराच्या आधी की नंतर? त्या दोघींचं बरं जमतं.

३१ जानेवारी

धाकटीला पुन्हा टेप लावली. माप पहिल्यासारखंच, कणभर फरक नाही.

मग पुतळ्याला लावली. पुतळा बारीक झालाय. कंबरेखाली तर फारच.

ह्यांना विचारलं. हे रिटायर झाल्यापासून जुने रेडिओ उघडतात आणि परत जोडतात, म्हटलं त्यात कापूस लागत असेल. म्हणाले, मी त्या खोलीत जात नाही. घरकामाच्या बाईंना विचारलं. त्यांनी मशीनखालची टोपली दाखवली. पट्ट्या तिच्यात होत्या, नीट गुंडाळून, टोक आत खोचून, मी गुंडाळते तशा. मी दोनच काढल्या होत्या. फार तर चार. टोपली भरलेली होती.

पुन्हा सगळं बांधलं. खोलीला कुलूप लावलं, किल्ली माझ्या पर्समध्ये.

१० फेब्रुवारी

कुलूप जागच्या जागी, किल्ली पर्समध्ये, आणि पुतळा पुन्हा सडपातळ. तोंड खिडकीकडे. मी भिंतीकडे ठेवला होता. त्याला लोखंडी पाय आहे, वाऱ्यानं फिरत नाही.

मी घाबरणाऱ्यांतली नाही. शिकलेली आहे. दमट हवेत कापूस बसतो आणि माणसाला आपण वस्तू कुठल्या तोंडानं ठेवली ते आठवत नाही, एवढंच. पण उगाच अंगावर काटा आला, म्हणून खिडकी लावून घेतली. मग काळोख वाटला, म्हणून उघडली.

नमुना सुधारून सॅटिनला कात्री लावली. दुपारभर काम केलं. हात फार दिवसांनी इतका सुटला होता. खिडकीतला उजेड तिच्या पाठीवर चांगला पडतो. अशी लांब पाठ असली की ती झाकायची नसते, म्हणून मागचा गळा खाली घेतला. कंबरही थोडी खाली आणली. एकदा “सरळ उभी राहा गं” असं माझ्या तोंडून गेलं. सवय.

१८ फेब्रुवारी

हे चहा घेऊन आले. मी दार उघडं ठेवलं होतं. उंबरठ्यावर थबकले, कप हातात तसाच. पुतळ्याकडे बघितलं आणि परत गेले. स्वयंपाकघरात चहा ओतून दिल्याचा आवाज आला.

नंतर म्हणाले, “दार लावून काम करत जा. मला दिवसातून दहादा तिथून जावं लागतं.”

मी म्हटलं, मशीनच्या आवाजाचा त्रास होत असेल तर तसं सांगा. आवाजाचं काही नाही म्हणाले. मग शिवणाच्या खोलीत बघू नये असं काय आहे? अर्धवट शिवलेला एक ड्रेस.

खिसा काढून टाकला. कडेची रेघ बिघडवत होता.

२६ फेब्रुवारी

धाकटीनं हट्टच धरला, डोळे तपासून घे. गेले चष्मेवाल्याच्या इथल्या दुकानात. त्यानं अंधाऱ्या खोलीत बसवलं, काचा बदलून बदलून अक्षरं वाचायला लावली. मी शेवटच्या ओळीपर्यंत धडाधड वाचून दाखवली, छापणाऱ्याचं नावसुद्धा. जवळचं दिसतं, लांबचं दिसतं, रंग ओळखू येतात.

त्यानं दिवा लावला आणि चष्मा वर ढकलला.

“डोळ्यांत काही दोष नाही, आई,” तो म्हणाला.

पहिल्यांदाच आई म्हणाला. आणि चेहरा असा पडलेला, की दोष निघाला असता तर बरं झालं असतं.

८ मार्च

ड्रेस झाला. फक्त खालची दुमड बाकी. माझ्या हातून इतकं स्वच्छ काम फार वर्षांत झालं नव्हतं. कुठे एक सुरकुती नाही. सॅटिन खांद्यावरून निघतं ते पाण्यासारखं जमिनीपर्यंत.

धाकटी दवाखान्यातून तशीच आली, बाहीला वाळका पाला लागलेला. वन्संही होत्या. धाकटीनं ड्रेस घालून बघितला नाही. पुतळ्याभोवती एक फेरी मारली. पाठीवर हात ठेवला आणि भाजल्यासारखा मागे घेतला. वन्संनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. असं मी लग्न होऊन या घरात आल्यापासून बघितलं नव्हतं.

“छान झालाय गं,” धाकटी म्हणाली. “ताईला फार शोभला असता.”

मी म्हटलं, “हो ना, तिला बाही कधी आवडलीच नाही.”

पुतळ्याच्या पाठीवरची वरची दोन बटणं सोडली. मी म्हटलं, घाल आता, बटणं लावून बघू.

“आई, माझी कंबर कुठे आहे?”

काय हा प्रश्न. मी बोट दाखवलं. बोट पुतळ्याकडे गेलं, कारण पुतळा समोर होता. धाकटीनं मान हलवली, पर्स उचलली आणि जेवायलाही थांबली नाही.

वन्सं निघताना दारात वळल्या. “वहिनी, लग्न कुणाचं आहे?”

मी म्हटलं, तुमची बस जाईल.

१५ मार्च

मोतिया दोरा संपला, म्हणून चौकात गेले. तिथल्या तयार कपड्यांच्या दुकानावरून जाताना मी मान वळवून घेते. असल्या शिवणी बघवत नाहीत. आज सिग्नल लागला आणि नेमकं काचेसमोरच उभं राहावं लागलं.

आत एका बुटक्या चौथऱ्यावर एक मुलगी पाठमोरी उभी होती, लग्नाच्या ड्रेसमध्ये. ठेंगणी, उंच कंबरेची, खाली भरलेली. ड्रेसला पसरट गळा, कोपरापर्यंत बाही, कंबरेपासून मोकळा घेर. शिलाई भिकार, पण निवड अचूक. मनात म्हटलं, हिच्या आईला नजर आहे.

विकणारी बाई काहीतरी म्हणाली. मुलगी दोन्ही हात खिशांत घालून हसत गोल फिरली.

धाकटी होती.

तिनं मला पाहिलं नाही. सिग्नल सुटला, लोक चालायला लागले, त्यांच्याबरोबर मीही रस्ता ओलांडला. दोरा आणायचा राहिला.

१६ मार्च

घरी कुणी काही बोललं नाही. मीही विचारलं नाही. दोरा आणला आणि खालची दुमड घालायला बसले. सुरू केलेलं काम मी अर्धं टाकत नाही.

त्यासाठी पुतळ्याच्या पायाशी जमिनीवर बसावं लागतं. मान खाली, टाका बारीक. मध्येच कुणीतरी केसांवरून हात फिरवला. हलकाच, डोकं दुखत असलं की फिरवतात तसा. मी लगेच वर बघितलं नाही. टाका पुरा केला, मग बघितलं. सॅटिनची एक बाजू टाचणीतून सुटून खाली आली होती.

ती परत टाचायला हवी होती. संध्याकाळपर्यंत तशीच बसून राहिले.

५ एप्रिल

काल लग्न झालं.

हॉलच्या मागे तयार व्हायला एक खोली दिली होती. भिंतीला टेकवलेला उभा आरसा, एकावर एक रचलेल्या खुर्च्या. धाकटी दुकानातल्या ड्रेसमध्ये उभी होती. मला बघून म्हणाली, रागावू नकोस. मी म्हटलं, रागवायला वेळ कुठाय, तुझा गळा डावीकडून उतरतोय.

खरंच उतरत होता. तिचा डावा खांदा उजव्यापेक्षा खाली आहे. दुकानातल्यांना ते कळलं नाही याचं नवल नाही, पण मलाही माहीत नव्हतं. मी विचारलं, हे कधीपासून? ती म्हणाली, नोकरी लागल्यापासून. गाय विताना अडली की ती डावाच हात आत घालते.

अंगावर शिवायचं नाही हा माझा नियम, पण उतरवायला वेळ नव्हता. सुई ओवली. काल तिनं श्वास ओढून धरला नव्हता. खांदा वर होत होता, खाली होत होता, आणि त्याच्याबरोबर कापडही. इतक्या हलत्या जागेवर टाका कसा घालायचा ते मला उमजेना. सुई टोचली. ती “स्स” म्हणाली. राईएवढं रक्त आलं.

मी अंगठा दाबून धरला. अंगठ्याखाली तिचं अंग इतकं ऊन लागलं की माझ्या हातातली सुई पडली.

“ताप आहे का गं तुला?” मी विचारलं. आणि विचारताना नाव घेतलं. थोरलीचं.

बाहेर खुर्च्या सरकवत होते, तो आवाज तेवढा येत होता. धाकटीनं आरशातून माझ्याकडे बघितलं. तिचे डोळे भरले आणि तिनं ते पुसले नाहीत. मग पाठीमागे हात करून माझं मनगट धरलं.

“नाही गं आई,” ती म्हणाली. “मी बरी आहे. आता अगदी बरी आहे.”

नाव दुरुस्त करायला हवं होतं. तिनं केलं नाही, म्हणून मीही केलं नाही. सुई शोधली, टाका पुरा केला, गाठ मारली. चष्मेवाल्यानं दार वाजवून विचारलं, आत यायला हरकत नाही ना? ती गेली.

ड्रेस सगळ्यांना आवडला. शिलाई कोण बघतंय? संध्याकाळच्या गाडीनं दोघं गेली. फलाटावर तिनं मला घट्ट धरलं, आणि माझे हात तिच्या कंबरेला लागले. मला वाटलं होतं त्याहून पुष्कळ उंच आहे.

७ एप्रिल

घर आवरलं. शिवणाच्या खोलीचं कुलूप काढून स्वयंपाकघरातल्या खिळ्याला लावून ठेवलं. सॅटिनचा ड्रेस पुतळ्यावरून उतरवला. वेळ लागला, बटणं पाठीला आहेत आणि मी ती फार जवळजवळ लावली आहेत. कागदात गुंडाळून कपाटात वरच्या फळीवर ठेवला. पुतळा उघडा उभा होता. त्याच्यावर चादर घालायला गेले आणि घातली नाही.

टोपली ओढली आणि पट्ट्या बांधायला घेतल्या. टेप काढली नाही, लागलीच नाही. नितंबांवर किती, मुंढ्याशी किती, पाठीला किती, हात आपले आपण घेत होते. कंबर उंच. डावा खांदा खाली. एक पट्टीही सोडून परत बांधावी लागली नाही. दुपार उतरेपर्यंत ती उभी राहिली. ठेंगणी, भक्कम, किंचित पुढे झुकून, आपण हाक मारली तर चटकन वळेल अशी. आता हिच्यासाठी काहीही शिवलं तरी पहिल्या खेपेत बसेल.

ताणाचं कापड चढवून कडेनं टाचत होते तेव्हा हे दारात आले. परत फिरले नाहीत. बराच वेळ चौकटीला धरून बघत राहिले. मग अगदी हळू आवाजात म्हणाले,

“आता हिलाही इथे उभं केलंस?”

माझ्या तोंडात टाचण्या होत्या, म्हणून उत्तर दिलं नाही.